जड मोटारसायकलची मागची हवा : अर्ध्या तासाचे काम, वर्षांची गिऱ्हाईकी

वाशीच्या फळबाजाराचा आणि अमेरिकन मोटारसायकलचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. संबंध आहे. सुमारे अठरा वर्षे अमेरिकेने भारतीय आंब्याला आपल्या देशात येऊ दिले नव्हते. २००७ साली ती बंदी उठली, लासलगावच्या विकिरण केंद्रातून प्रक्रिया होऊन हापूस आणि केसर विमानाने अमेरिकेला गेले. त्याच वाटाघाटीत भारताने ८०० सीसीच्या वरच्या, युरो-३ नियम पाळणाऱ्या मोटारसायकलींना आयातीचा दरवाजा उघडला. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने २००९ मध्ये भारतात येण्याचे जाहीर केले आणि २०१० पासून तिच्या गाड्या इथल्या रस्त्यावर दिसू लागल्या. पुढे वाशीतही आंब्यासाठी विकिरण केंद्र उभे राहिले. आंबा गेला, गाड्या आल्या. व्यापाऱ्याला हा सौदा समजतो. गॅरेजवाल्याने मात्र या सौद्यातला आपला वाटा अजून नीट ओळखलेला नाही.

तो वाटा असा. २०१० ते २०१६ या काळात आलेल्या रोड किंग, स्ट्रीट ग्लाइड, इलेक्ट्रा ग्लाइड या लांब पल्ल्याच्या म्हणजे टूरिंग जातीच्या गाड्यांना मागे हवेचे शॉक असत. आता या गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत. कंपनीची वॉरंटी केव्हाच संपली. २०२० साली कंपनीने हरियाणातला बावलचा कारखाना व स्वतःची विक्री आवरली आणि कारभार हीरो मोटोकॉर्पच्या हाती गेला. या उलथापालथीत बऱ्याच गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या. पहिला मालक गाडी शोरूमलाच नेत असे. तिसरा मालक सानपाडा, तुर्भे, नेरुळ, पनवेल इथे चांगला मिस्त्री शोधतो. रविवारी सकाळी पाम बीच रोडवर उभे राहिले तर अशा गाड्या दिसतील, आणि नीट पाहिले तर त्यातल्या काहींची शेपटी खाली बसलेलीही दिसेल. शेपटी बसलेली गाडी म्हणजे शॉकमधली हवा कुणी वर्षभर पाहिलेली नाही.

हे काम शिकायला सोपे आहे आणि बिघडवायला त्याहून सोपे. एका गॅरेजमध्ये मी बसलो असताना घडलेला प्रसंग सांगतो. गॅरेजचे नाव लिहीत नाही, कारण चूक कुणाच्याही हातून व्हावी अशी होती. गिऱ्हाईक बायकोसह महाडकडे निघायचा होता, मागे पेट्या भरलेल्या. गाडी मागून बसते आहे, हवा बघा, एवढे सांगून तो चहाला गेला. काम शिकणाऱ्या मुलाने मागचा व्हॉल्व्ह शोधून काढला. तो टायरच्या व्हॉल्व्हसारखाच दिसतो, अगदी टोपीसुद्धा तीच. मुलाने कॉम्प्रेसरची नळी आणून लावली. एक फुस्स झाले, मग शॉकच्या दांड्यावरून तेल ओघळू लागले. सगळा प्रकार चहा यायच्या आत आटोपला. उस्तादांनी मुलाला एक शब्दही बोलला नाही, कारण त्याला कुणी शिकवलेच नव्हते. या शॉकचे सील सुटे मिळत नाही, साधारणपणे पूर्ण शॉकच बदलावा लागतो आणि तोही जोडीने. त्या शॉकचे पैसे त्यांनी पदरचे भरले. गिऱ्हाईकाची कोकणची सहल तर गेलीच.

असे का होते, ते समजून घ्यावे. टायरमध्ये हवेला जागा मोठी असते. त्यात दोन सेकंद कॉम्प्रेसर जास्त चालला तर काटा दोन-चार पौंडांनी सरकतो. शॉकमध्ये हवेची जागा फारच थोडी, चहाच्या कपाने मोजावी इतकी. बाकी जागा तेलाने आणि स्प्रिंगने व्यापलेली. गॅरेजच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत हवा शंभर पौंडांच्या वर भरलेली असते. ती नळी या छोट्या जागेला लावली की क्षणात दाब टाकीच्या बरोबरीला जाऊ पाहतो, आणि ज्या सीलला ३५-४० पौंडांची सवय आहे ते तिथेच हार मानते. इथे पौंड म्हणजे दर चौरस इंचावरचा दाब, आपण टायरला म्हणतो तोच.

आता रचना पाहू. या गाड्यांना मागे डावा आणि उजवा असे दोन शॉक असतात. दोन्हींच्या आत स्प्रिंग आहे, तेल आहे आणि तेलाच्या वर हवा आहे. दोन्ही शॉकमधून एकेक बारीक प्लॅस्टिकची नळी निघते आणि त्या दोन्ही एकाच व्हॉल्व्हला येऊन मिळतात. व्हॉल्व्ह डाव्या पेटीच्या आतल्या बाजूला, मागच्या मडगार्डजवळ असतो. काही सालांच्या गाड्यांत पेटी काढल्याशिवाय हात पोहोचत नाही. एकच व्हॉल्व्ह असल्यामुळे दोन्ही बाजूंचा दाब आपोआप सारखा राहतो, डाव्यात जास्त आणि उजव्यात कमी असे करता येत नाही आणि करायचेही नसते. शून्य पौंड हवा म्हणजे शॉक रिकामा, असा गैरसमज पुष्कळांचा असतो. शून्यावरसुद्धा स्प्रिंग आपले काम करतेच. हवा ही त्या स्प्रिंगला दिलेली मदत आहे. मागे माणूस बसला, पेट्या भरल्या की मदत वाढवायची, आणि ओझे उतरले की कमी करायची.

बसमधल्या हवेच्या सस्पेन्शनशी याची गल्लत करू नये. नवी मुंबई परिवहनच्या व्होल्व्हो बसमधून ज्यांनी प्रवास केला त्यांना त्या गाडीचा मऊपणा ठाऊक आहे. तिथे रबराचे फुगे असतात, बसवर स्वतःचा कॉम्प्रेसर असतो आणि प्रवासी चढले-उतरले की एक व्हॉल्व्ह आपोआप हवा कमी-जास्त करून उंची कायम ठेवतो. मोटारसायकलवर हे सगळे माणसाने करायचे. अपवाद होंडाच्या जुन्या गोल्ड विंगचा. १९८० च्या जीएल-११०० पासून तिला हवेचे सस्पेन्शन आले आणि १९८८ च्या जीएल-१५०० मध्ये तर गाडीवरच छोटा कॉम्प्रेसर बसवलेला होता, बटण दाबले की मागची हवा कमी-जास्त होत असे. परंतु २००१ च्या जीएल-१८०० पासून होंडाने हवा सोडून दिली आणि विजेच्या मोटारीने स्प्रिंग दाबायची सोय केली. म्हणून गोल्ड विंग आली की हवेचा व्हॉल्व्ह शोधत बसू नये, आधी साल विचारावे. हार्लेनेही २०१७ पासून टूरिंग गाड्यांना हाताने फिरवायच्या गुंडीचे शॉक दिले. याचा अर्थ हवेच्या शॉकच्या गाड्या आता नव्याने वाढणार नाहीत, ज्या आहेत त्याच जुन्या होत जाणार. जुन्या वस्तूची दुरुस्ती हाच तर गॅरेजचा धंदा.

प्रत्यक्ष काम कसे करावे ते सांगतो. आधी टायरची हवा गाडीच्या पुस्तकाप्रमाणे करून घ्यावी. टायर मऊ असेल तर शॉकचा दोष आहे की टायरचा हेच कळत नाही, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. गाडी रात्रभर किंवा निदान काही तास थंड असावी. सकाळी २५ अंशांच्या हवेत १५ पौंड भरलेला शॉक धावून ४५ अंशांवर गेला की काटा १७ पौंडांच्या आसपास दाखवतो. गरम गाडीवर १५ चे माप बसवले तर दुसऱ्या दिवशी ते कमी भरते आणि गिऱ्हाईक म्हणते, मिस्त्रीने फसवले.

हवा भरायला हाताने मारायचा छोटा पंप घ्यावा, ज्याचा काटा शून्यापासून ६० पौंडांपर्यंतचा असेल आणि एकेक-दोन दोन पौंड वाचता येतील. सायकलच्या दुकानात डोंगरी सायकलींच्या शॉकसाठी पंप मिळतो, तोही चालतो, पण त्याचा काटा तीनशे पौंडांपर्यंत गेलेला असेल तर खालच्या आकड्यांवर त्याचा भरवसा धरू नये. टायरचा साधा मापक लावून पाहण्याची सवयही इथे नडते. मापक लावताना आणि काढताना जी थोडी हवा सुटते ती टायरला जाणवतही नाही. शॉकमधून तेवढी सुटली की पाच-पाच पौंड कमी होतात. तीनदा मोजले तर मोजण्यातच हवा संपली! म्हणून पंप एकदा लावला की भरणे आणि मोजणे त्याच्यावरच उरकावे आणि काढताना चटकन काढावा. पंप काढताना जो आवाज येतो तो बहुधा पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो, त्याने घाबरून पुन्हा लावू नये.

हवा कमी करताना अधिक जपावे लागते. पिन दाबली की हवेबरोबर तेलाचे तुषार येतात. व्हॉल्व्ह नेमका मागच्या चाकाशेजारी आहे, त्यामुळे तेल टायरवर किंवा ब्रेकच्या डिस्कवर पडू शकते. व्हॉल्व्हभोवती जाड फडके धरावे, हवा हळूहळू सोडावी, आणि काम झाल्यावर टायर व डिस्क हात फिरवून पाहावी. तेल दिसले तर पुसून साफ केल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये. सायन-पनवेल रस्त्यावर पहिल्याच वळणाला मागचे चाक घसरले तर तेव्हा हवा किती पौंड होती हे कुणी विचारत नाही.

किती हवा भरायची, हा खरा प्रश्न. पुष्कळ मिस्त्री एक आकडा पाठ करतात आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला तोच मारतात. ७० किलोच्या एकट्या स्वारासाठी कित्येक पुस्तकांत शून्य पौंडच सांगितलेले असते, आणि दोघेजण भरल्या पेट्यांसह निघाले तर माप २०-३० च्या घरात जाते. कमाल आकडा मॉडेलप्रमाणे वेगळा, तो पुस्तकातच पाहावा आणि कुणाच्याही आग्रहाखातर ओलांडू नये. पण पुस्तकातला आकडा ही सुरुवात समजावी. त्यानंतर टेप घ्यावी. गाडी जॅकवर उचलून मागचे चाक लोंबते करावे आणि चाकाच्या आसाच्या मध्यापासून सरळ वर, गाडीच्या अंगावरच्या एका ठरलेल्या बिंदूपर्यंत अंतर मोजावे. तिथे खडूने खूण करावी. मग गाडी खाली उतरवून, मालकाला नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेट-जाकिटासह, मागे जो बसणार असेल त्यालाही बसवून, पेट्यांत सामान ठेवून, दोन-तीनदा सीट दाबून सोडावी आणि पुन्हा मोजावे. गाडी सरळ धरायला दुसरा माणूस लागतो. या गाड्या चारशे किलोच्या आसपास असतात, एकट्याने ही कसरत करू नये. दोन मापांतला फरक म्हणजे गाडी किती बसली. या गाड्यांच्या मागच्या चाकाची वर-खाली चाल साधारण ३ इंच असते. त्यातला चौथा ते तिसरा हिस्सा, म्हणजे पाऊण ते एक इंच गाडी बसावी. स्ट्रीट ग्लाइडसारख्या बुटक्या मॉडेलांत चाल २ इंचांच्या आसपासच, तिथे अर्धा-पाऊण इंच पुरे. जास्त बसली तर पाच पौंड वाढवा, कमी बसली तर सोडा आणि पुन्हा मोजा.

हे माप चुकल्याने काय होते, ते रस्त्यावर कळते. दुचाकींना द्रुतगती मार्गावर मज्जाव आहे आणि २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या अटल सेतूवरही नाही जाता येत. म्हणजे पुण्याला जुन्या रस्त्याने खोपोलीचा घाट चढायचा, आणि कोकणात पळस्पे फाट्यावरून पेण, वडखळ, माणगाव असे जायचे. गाडी मागून बसलेली असेल तर पुढचे चाक हलके पडते, हँडल पोकळ लागते, वळणावर पाय ठेवायची फळी रस्त्याला घासते, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि गतिरोधकावर शॉक तळाला आपटतो. हवा फाजील भरली तर याच्या उलट. गाडी ताठ उभी राहते, बेताच्या उंचीच्या माणसाचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, खड्ड्यात मणक्याला हिसका बसतो आणि खड्ड्यातून वर येताना मागून ठक् असा आवाज येतो. बरेच मालक हा कडकपणा मजबुती समजतात. त्यांना समजावण्यात वेळ गेला तरी घालवावा.

एक गोष्ट गिऱ्हाईकाला तोंडावर सांगावी. हवा वाढवली म्हणून गाडीची ओझे वाहायची ताकद वाढत नाही. टायर, ब्रेक, चाकाच्या तारा तेवढ्याच राहतात. वजनाची कमाल मर्यादा गाडीच्या पाटीवर लिहिलेली असते.

हवा दर काही दिवसांनी उतरत असेल तर ती कुठून जाते ते शोधायचे. पंक्चरवाल्याचा साबणाचा फेस इथेही उपयोगी पडतो. व्हॉल्व्हची पिन, मग बारीक नळ्या जिथे शॉकला आणि व्हॉल्व्हला जोडल्या आहेत ते सांधे, या क्रमाने फेस लावावा. सांध्यातली रबरी रिंग वाळलेली असते, बदलली की काम झाले. नळी सायलेन्सरला टेकून वितळलेलीही आढळते. पण शॉकच्या दांड्यावर तेलाचा ओला कडा दिसत असेल तर तो सीलचा आजार आहे. तेव्हा खरे ते सांगून टाकावे, आठवड्याला हवा भरून देत गिऱ्हाईक झुलवू नये. नवे शॉक टाकताना काही मालक हवेऐवजी नुसत्या स्प्रिंगचे, गुंडीने कमी-जास्त होणारे शॉक निवडतात. माझ्या मते रोज एकट्याने फिरणाऱ्याला ते सोयीचे पडतात. कधी एकटा, कधी जोडीने असा बदलता वापर असेल तर हवेला तोड नाही, पंप मारायचा कंटाळा नसेल तर.

आता पैशाची गोष्ट, जिथे आपला मिस्त्री लाजतो. आपल्याकडे हवा ही फुकटची वस्तू. पेट्रोल पंपावर ती विनामूल्य मिळावी असा नियमच आहे, आणि पंक्चरवाला चाकामागे नाणे घेतो. त्यामुळे मागच्या शॉकची हवा पाहिली म्हणून पैसे मागायला उस्तादांची जीभ रेटत नाही. पण पैसे हवेचे नाहीतच. पेटी काढणे, जॅकवर चढवणे, दोनदा मोजणे, तेल पुसणे, पेटी पुन्हा लावणे, यात दोन माणसांचा अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासाची मजुरी आपल्या गॅरेजच्या रोजच्या दराने लावावी आणि बिलावर ‘हवा’ असे न लिहिता ‘मागचे शॉक माप करून बसवले’ असे लिहावे. सोबत एक पुठ्ठ्याचे कार्ड द्यावे. एकट्यासाठी किती पौंड, जोडीने किती, जोडी आणि सामानासह किती, टायरचे आकडे आणि तारीख. ते कार्ड मालकाच्या पेटीत राहते. पुढच्या वेळी तो कुठल्याही गावात असला तरी त्याला आपलीच आठवण येते. कार्डाची एक प्रत आपल्या वहीतही ठेवावी. सहा महिन्यांनी गाडी आली आणि १५ चे ५ झालेले दिसले की गळतीचे काम आपल्या हाती लागते.

भांडवल म्हणाल तर पंप, टेप आणि खडू. पंप नवाच घ्यावा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने मापक स्वस्त मिळतात, पण ज्याचा काटा पडलेला असेल असा मापक या कामाला घेणे म्हणजे मोडक्या तराजूने सोने तोलणे. आणि कॉम्प्रेसरच्या नळीवर लाल चिकटपट्टी लावून ठेवावी, की शिकाऊ मुलाने ती शॉकला लावण्यापूर्वी विचारले पाहिजे.

जड गाड्या आपल्या गल्लीत येतच नाहीत, असे म्हणणाऱ्या बंधूंसाठीही यात काम आहे. साध्या शंभर-दीडशे सीसीच्या गाड्यांना मागच्या शॉकवर पायऱ्या असलेली फिरती कडी असते, बहुधा पाच पायऱ्यांची. गाडी विकत घेतल्यापासून ती कडी कुणी फिरवलेली नसते. दूधवाला, एपीएमसीतून भाजी नेणारा, गॅसच्या टाक्या पोचवणारा, दोन मुलांना शाळेत सोडणारा बाप, सगळे कंपनीतून आलेल्या त्याच पायरीवर. टूलकिटमधला आकड्याचा पाना घेऊन कडी दोन पायऱ्या कडक केली, दोन्ही बाजूंना सारखी, की गाडीचा तोल बदललेला त्याच दिवशी जाणवतो. बाजूला जोडचाके लावलेल्या दिव्यांगांच्या स्कूटरवर तर हे पाहणे फार गरजेचे, कारण मूळ शॉक मऊ राहिला तर भार जोडचाकांवर जातो आणि मागचे चालते चाक ओल्या रस्त्यावर पकड सोडते.

हल्ली बाजारात बुलेटला आणि इतर गाड्यांना बाहेरून हवेचे फुगे बसवून देणारे निघाले आहेत. कळ दाबली की गाडी बसते, उठते, तरुण पोरे खूश होतात. या कामात पडण्याआधी मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कुणा जाणत्याकडून समजून घ्यावे. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करायला त्या कायद्याने मज्जाव आहे, आणि उद्या अपघात झाला, विमा कंपनीने दावा नाकारला, तर गिऱ्हाईक गाडी घेऊन वाशी आरटीओत जाण्याआधी आपल्याच दारात येतो. कंपनीनेच बसवलेल्या शॉकमध्ये, कंपनीनेच सांगितलेल्या मर्यादेत हवा कमी-जास्त करण्याला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून या गाड्या गोव्याकडे निघतात. निघण्याच्या आदल्या दिवशी येणाऱ्या गिऱ्हाईकाचे काम घेऊ नये, आठवडाभर आधी बोलवावे. हवा भरून चार दिवस गाडी चालली आणि काटा तिथेच राहिला, तर मग त्याला खुशाल जाऊ द्यावे.